दोन चिप, एक पडदा : लिनक्स लॅपटॉपवरील ग्राफिक्स ड्रायव्हरच्या तंट्याचा इतिहास

१/
गेल्या हिवाळ्यातील प्रसंग. विभागाच्या चर्चासत्रात मला प्रबंधातील एक प्रकरण मांडायचे होते. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. लॅपटॉपचा पडदा व्यवस्थित उजळला. भिंतीवर मात्र 'सिग्नल नाही' एवढीच अक्षरे. आठच दिवसांपूर्वी तोच लॅपटॉप, तीच केबल आणि तोच प्रोजेक्टर यांवर सारे सुरळीत चालले होते. दहा मिनिटे खटपट करून अखेर मी कागदावरून वाचले. नकाशे दाखवायचे राहूनच गेले.

२/
मधल्या आठ दिवसांत बदल एकच झाला होता. जुन्या वृत्तपत्रांच्या छायाप्रतींतील मजकूर ओळखणारी आज्ञावली जलद चालावी, म्हणून मी लिनक्सवर ग्राफिक्स चिपचा नवा ड्रायव्हर बसवला होता. चूक माझीच होती. ती कोणती, हे शेवटी सांगते. ती शोधताना ध्यानात आले, की अशा दुरुस्तीसाठी टंकावी लागणारी जवळजवळ प्रत्येक ओळ ही एखाद्या जुन्या तंट्याचा अवशेष आहे. आजच्या थ्रेडमध्ये त्या तंट्यांचे थर तळापासून वर पाहू.

३/
आधी एक मूलभूत गोष्ट. ग्राफिक्स चिपकडून काम करून घ्यायचे, तर तिच्या ठरावीक रजिस्टरांत ठरावीक आकडे ठरावीक क्रमाने लिहावे लागतात. कोणत्या रजिस्टरात कोणता आकडा, हे चिप घडवणाऱ्याला ठाऊक असते. ड्रायव्हर म्हणजे ही भाषा जाणणारा दुभाषा. दरबारात दुभाषा एकच असेल आणि तो आपली विद्या कोणाला शिकवत नसेल, तर सत्ता कोणाच्या हाती जाते, हे इतिहासाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

४/
पहिला थर १९८० च्या आसपासचा. अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की वापरणाऱ्यांना संदेश जाईल, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांनी करून ठेवली होती. नव्या प्रिंटरसाठी तीच सोय करायची, तर सोर्स कोड हवा होता. तो मिळाला नाही. ज्याच्याकडे तो होता, त्याने गोपनीयतेच्या कराराकडे बोट दाखवले. ही हकीकत स्टॉलमन यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे.

५/
१९८३ मध्ये स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला. १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला. त्याची मुख्य अट अशी : हा कोड घ्या, बदला, वाटा, पण त्यावर आधारलेले काम वाटताना त्याचाही कोड याच अटींवर खुला ठेवा. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीमागील एक मूळ तक्रार अशी एका यंत्राच्या ड्रायव्हरचीच होती, हे लक्षात ठेवा. पुढे हीच तक्रार पुन्हा पुन्हा डोके वर काढते.

६/
दुसरा थर लिनक्सचा. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्‌स यांनी १९९१ मध्ये कर्नल लिहायला घेतला आणि १९९२ मध्ये तो जीपीएलखाली आणला. या कर्नलच्या अंतर्गत रचनेत विकासक गरजेप्रमाणे बदल करतात. बाहेरच्या ड्रायव्हरसाठी ती स्थिर ठेवण्याचे वचन कोणालाच दिलेले नाही. ड्रायव्हरचा कोड कर्नलमध्येच असेल, तर जो रचना बदलतो तोच ड्रायव्हरही दुरुस्त करतो. जो बाहेर राहील, त्याने आपले आपण निस्तरावे. हे धोरण हेतुपूर्वक स्वीकारलेले होते.

७/
एनव्हिडियाने बाहेर राहणे पसंत केले. २००० च्या सुमारास तिचा लिनक्ससाठीचा बंद ड्रायव्हर आला. कंपनीची बाजूही समजून घ्यावी : विंडोज आणि लिनक्स या दोहोंच्या ड्रायव्हरांत बराचसा कोड सामाईक होता आणि प्रतिस्पर्ध्यांसमोर तो उघडा करण्याची तिची तयारी नव्हती. ड्रायव्हरचा दर्जाही सामान्य नव्हता. चित्रपटांतील दृश्यपरिणाम घडवणाऱ्या स्टुडिओंत तो वर्षानुवर्षे वापरला गेला. म्हणजे तक्रार निकृष्ट मालाची नव्हती. पेटी उघडता येत नाही, ही होती.

८/
बंद गाभा आणि खुला कर्नल यांच्यामध्ये एनव्हिडियाने सोर्स कोडचा एक पातळ थर ठेवला. कर्नल बदलला, की हा थर वापरकर्त्याच्या यंत्रावर नव्याने संकलित करायचा. प्रत्येक वेळी हे हाताने कोण करणार? डेल कंपनीच्या लिनक्स विभागाने 'डीकेएमएस' नावाची सोय निर्माण केली, ती नेमके हेच काम आपोआप करते.
म्हणून 'कर्नल अद्ययावत केला आणि ड्रायव्हर गेला' अशी तक्रार आली, की प्रथम पाहायचे : नव्या कर्नलच्या हेडर फाइल बसवल्या आहेत का? त्या नसतील तर डीकेएमएस संकलन कशाचे करणार?

९/
तिसरा थर मला सर्वांत प्रिय. एनव्हिडियाचा एक छोटा खुला ड्रायव्हरही होता, 'एनव्ही' नावाचा. परंतु त्यातील कोड मुद्दाम दुर्बोध करून ठेवलेला होता आणि त्रिमितीय चित्रण त्याला येत नव्हते. २००५ मध्ये स्तेफान मार्शेसाँ यांनी तो सुबोध करायला घेतला. त्यांच्या चॅट प्रोग्रॅममधील फ्रेंच शब्दपूर्ती 'एनव्ही' लिहिले की 'नूव्हो', म्हणजे 'नवा', असे सुचवत असे. प्रकल्पाचे नाव ठरले : नूव्हो.

१०/
चिपची कागदपत्रे उपलब्ध नव्हती. मग उपाय काय? बंद ड्रायव्हर चालू ठेवायचा आणि तो चिपशी काय बोलतो, ते ऐकायचे. तो कोणत्या रजिस्टरात काय लिहितो, त्याची नोंद करायची. एक लहानसे चित्र काढायला लावायचे, नोंदी पुन्हा पाहायच्या, फरक शोधायचा. यासाठीचे 'एमएमआयओट्रेस' हे साधन २००८ मध्ये लिनक्स कर्नलमध्येच सामील झाले. अज्ञात लिपीतील लेख ज्ञात मजकुराशी ताडून वाचावा, तशी ही पद्धत. असंख्य नोंदींतून एकेक अक्षर लावत स्वयंसेवकांनी कार्डांच्या पिढ्या वाचून काढल्या.

११/
आता एका महत्त्वाच्या ऋतूकडे येऊ : फेब्रुवारी-मार्च २०१०. फेब्रुवारीत प्रकाशित झालेल्या लिनक्स २.६.३३ मध्ये नूव्हो प्रायोगिक विभागात दाखल झाला. मार्चमध्ये एनव्हिडियाने जुन्या 'एनव्ही' ड्रायव्हरचा विकास नव्या चिपसाठी थांबवत असल्याचे जाहीर केले.
येथून दुसरा नियम निघतो. एका चिपचा ताबा एका वेळी एकाच ड्रायव्हरकडे राहतो. म्हणून बंद ड्रायव्हर बसवताना नूव्होला काळ्या यादीत टाकावे लागते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. हे वाक्य ध्यानात असू द्या. माझ्या प्रोजेक्टरची अर्धी कथा येथेच आहे.

१२/
त्याच फेब्रुवारीत एनव्हिडियाने 'ऑप्टिमस' हे तंत्र जाहीर केले. पार्श्वभूमी अशी : लॅपटॉपमध्ये बलवान ग्राफिक्स चिप घातली, की बॅटरी लवकर संपते. म्हणून दोन चिप ठेवायच्या : प्रोसेसरसोबतची काटकसरी इंटेल चिप रोजच्या कामाला आणि वेगळी बलवान चिप जड कामाला. आधीच्या काही लॅपटॉपांत पडद्याची जोडणी एका चिपवरून दुसरीवर नेणारा भौतिक खटका असे. सोनीच्या व्हायो मालिकेतील २००६ च्या एका लॅपटॉपवर तो बदलला, की संगणक पुन्हा सुरू करावा लागे.

१३/
ऑप्टिमसने खटका काढून टाकला. पडदा कायमचा इंटेल चिपला जोडलेला. बलवान चिप चित्र तयार करते आणि ते इंटेल चिपच्या स्मृतीत पोहोचवते. पडद्यावर मांडते ती इंटेलच. कल्पना उत्तम होती, परंतु तिच्यासाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या ड्रायव्हरांनी एकमेकांशी बोलणे आवश्यक होते. विंडोजवर त्याची व्यवस्था झाली. लिनक्सवर इंटेलचा ड्रायव्हर कर्नलच्या आत आणि खुला. एनव्हिडियाचा बाहेर आणि बंद. मध्ये कायद्याची भिंत.
एक तपशील : अनेक लॅपटॉपांत आतला पडदा इंटेलकडे असतो, पण एचडीएमआयची खोबण थेट बलवान चिपला जोडलेली असते.

१४/
रेड हॅटमधील विकासक डेव्ह एअरली यांनी २०१० मध्येच 'व्हीजीए स्विचरू' लिहिले. ज्यांत खटका होता, अशा लॅपटॉपांना त्याचा लाभ झाला. ऑप्टिमसचे ग्राहक मात्र ताटकळत राहिले. पैसे मोजून घेतलेली चिप निरुपयोगी, आणि वर ती बंदही करता येत नसल्याने बॅटरी खाणारी.
२०११ मध्ये स्वयंसेवकांनी स्वतःच वाट काढली. 'ऑप्टिमस प्राइम' हे ट्रान्सफॉर्मर्समधील पात्र. त्याचा छोटा साथीदार बंबलबी. प्रकल्पाचे नाव तेच पडले.

१५/
बंबलबीची युक्ती अशी : बलवान चिपवर दुसरा, अदृश्य पडदा चालवायचा, त्यावर खेळ किंवा कार्यक्रम रंगवायचा आणि तयार चित्रे खऱ्या पडद्यावर आणून चिकटवायची. काम भागे, पण वेग घटे.
याच प्रकल्पात त्या वर्षी एक अपघात घडला. ड्रायव्हर बसवणाऱ्या स्क्रिप्टमधील फाइल पुसण्याच्या आज्ञेत '/यूएसआर' या शब्दानंतर एक मोकळी जागा चुकून पडली. परिणामी छोट्याशा उपफोल्डरऐवजी सबंध '/यूएसआर' पुसले जाऊ लागले. म्हणजे जवळजवळ सगळी प्रणालीच! चूक तत्काळ सुधारली गेली, प्रतिक्रियांत विनोदांचा पूर आला. परंतु प्रशासकाचा अधिकार देऊन अनोळखी स्क्रिप्ट चालवू नये, हा धडा त्या एका मोकळ्या जागेने कायमचा दिला.

१६/
जून २०१२, फिनलंडमधील आल्टो विद्यापीठ. टॉरवाल्ड्‌स यांच्या प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमात एका श्रोतीने आपल्या ऑप्टिमस लॅपटॉपचे गाऱ्हाणे मांडले. टॉरवाल्ड्‌स यांनी एनव्हिडियाला आजवरची सर्वांत वाईट कंपनी ठरवले आणि कॅमेऱ्याकडे पाहून असभ्य हातवारा केला. ती चित्रफीत जगभर पसरली. आजही बहुतेकांना या विषयातील तेवढेच माहीत असते. हातवारा सर्वांच्या लक्षात राहिला. तो ज्या प्रश्नावर उमटला, तो संकरित ग्राफिक्सचा होता, हे विस्मरणात गेले.

१७/
माझ्या मते खरा कळीचा प्रसंग त्यानंतर चार महिन्यांनी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, विकासकांच्या पत्रव्यवहारात घडला. सुमित सेमवाल यांनी कर्नलमध्ये आणलेली 'डीएमए-बफ' ही व्यवस्था एका चिपची स्मृती दुसरीला थेट वापरू देत होती. ऑप्टिमसला हवी असलेली हीच ती खिडकी. परंतु ती केवळ जीपीएल परवान्याच्या मॉड्यूलांसाठी खुली होती. एनव्हिडियाच्या विकासकाने ही अट शिथिल करण्याची विनंती केली. ज्येष्ठ विकासक अ‍ॅलन कॉक्स यांनी ठाम नकार दिला : माझा कोड जीपीएलखाली आहे आणि या बदलाला माझी संमती नाही, असा त्यांचा आशय.

१८/
येथे न्याय कोणाच्या बाजूने? कॉक्स यांची भूमिका तत्त्वाला धरून होती : आज अट सोडली, तर उद्या कर्नल बंद तुकड्यांनी भरेल. दुसरीकडे सामान्य वापरकर्त्याला हवे असलेले सहकार्य करायला कंपनी प्रथमच पुढे आली होती, आणि दार तेव्हा खुल्या गटाने लावले. तत्त्वाची किंमत त्या वर्षी ज्यांनी मोजली, ते ना कंपनीत होते ना कर्नलच्या चमूत. ते लॅपटॉपचे मालक होते. चित्रफितीत दिसत नाही ते असे जुन्या पत्रव्यवहारात सापडते.

१९/
पुढे मार्ग हळूहळू निघाला. सप्टेंबर २०१३ मध्ये एनव्हिडियाने नूव्होच्या विकासकांना काही तांत्रिक दस्तऐवज देऊ केले. त्याच वर्षी बंद ड्रायव्हरलाही मर्यादित स्वरूपात ऑप्टिमस लॅपटॉपवर चित्र दाखवता येऊ लागले : एकतर सगळे काम बलवान चिपवर, नाहीतर सगळे इंटेलवर; बदलायचे तर बाहेर पडून पुन्हा प्रवेश. उबंटूतील 'प्राइम-सिलेक्ट' ही आज्ञा याच काळाची खूण. एकेक कार्यक्रम हवा तेव्हा बलवान चिपकडे सोपवण्याची सोय बंद ड्रायव्हरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये आली. ऑप्टिमसच्या घोषणेनंतर साडेनऊ वर्षांनी!

२०/
दरम्यान कुलपांचा एक स्वतंत्र थर साचत होता. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत 'सिक्युअर बूट' प्रचारात आले : विश्वासू स्वाक्षरी नसलेला कोड संगणक सुरू होताना चालू द्यायचा नाही. लिनक्सच्या वितरणांनी ते स्वीकारताना एक दार मालकासाठी राखले, त्याचे नाव 'मशीन ओनर की'. तुमच्या यंत्रावर संकलित झालेल्या मॉड्यूलवर तुमची स्वाक्षरी. आणि ती किल्ली मान्य करायची, तर यंत्रासमोर प्रत्यक्ष बसून, संगणक सुरू होताना दिसणाऱ्या निळ्या पडद्यावर तसे सांगायचे.

२१/
दुसरे कुलूप चिपच्या आत लागले. २०१४ च्या नव्या मॅक्सवेल पिढीपासून एनव्हिडियाच्या चिप कंपनीची स्वाक्षरी असलेलेच फर्मवेअर स्वीकारू लागल्या. त्यामुळे नूव्होला चिपचा वेग वाढवणेच अशक्य झाले. लिपी वाचता आली, तरी शिक्का कोठून आणणार?
दोन्ही कुलपांची कारणे सुरक्षेचीच दिली जातात. फरक एवढाच, की पहिल्याची किल्ली मालकाला स्वतः घडवता येते, दुसऱ्याची येत नाही. माझ्या दृष्टीने या इतिहासाचा सारांश या फरकात आहे.

२२/
फेब्रुवारी २०२२ मध्ये लॅप्सस नावाच्या टोळीने एनव्हिडियाची माहिती चोरली आणि ड्रायव्हर खुले करा, अशी धमकीवजा मागणी केली. ११ मे २०२२ रोजी कंपनीने कर्नलमधील मॉड्यूलांचा सोर्स कोड खरोखरच खुला केला. यावरून 'चोरांमुळे कोड खुला झाला' असे सर्रास म्हटले जाते. सावध राहा. एका घटनेनंतर दुसरी घडली, एवढ्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. २०१८ पासूनच्या ट्युरिंग पिढीत चिपवरच एक छोटा प्रोसेसर आहे. ड्रायव्हरमधील बरेचसे काम त्याच्या बंद फर्मवेअरमध्ये हलवल्यानंतरच उरलेला भाग खुला झाला. ही तयारी तीन महिन्यांत होणारी नव्हे.

२३/
म्हणून हा विजय अर्धा आहे. कर्नलमधील भाग खुला. फर्मवेअर आणि कार्यक्रमांशी बोलणारा वरचा भाग बंद. तरीही बदल लहान नाही. जुलै २०२४ मध्ये कंपनीने खुल्या मॉड्यूलांनाच मुख्य पर्याय ठरवले. नूव्होची धुरा वर्षानुवर्षे वाहणारे बेन स्केग्स यांनी २०२३ मध्ये ती खाली ठेवली आणि २०२४ मध्ये त्यांचे नवे योगदान एनव्हिडियाच्याच पत्त्यावरून आले. ज्या किल्ल्याला वेढा घातला, त्याच किल्ल्यात चाकरी. त्याच फर्मवेअरच्या आधारे 'नोव्हा' हा नवा खुला ड्रायव्हर रस्ट भाषेत घडतो आहे.

२४/
आता माझा प्रोजेक्टर. नवा ड्रायव्हर बसवताना नूव्हो काळ्या यादीत गेला. नवे मॉड्यूल डीकेएमएसने संकलित केले आणि त्यावर स्वाक्षरीही झाली. संगणक पुन्हा सुरू होताना किल्ली मान्य करण्यासाठी निळा पडदा आला. तो क्षणभर थांबतो. मी घाईत होते, 'पुढे जा' म्हटले. परिणामी नव्या मॉड्यूलला कर्नलने प्रवेश नाकारला आणि जुने आधीच हद्दपार झालेले. बलवान चिपला वालीच उरला नाही. आतला पडदा इंटेलवर असल्यामुळे काही बिघडल्याचे आठ दिवस कळलेही नाही. एचडीएमआय त्या अनाथ चिपकडे होते.

२५/
अशा वेळी तपासाचा क्रम असा ठेवावा :
अ) 'एलएसपीसीआय'ने पाहा : दोन्ही चिप दिसतात का, आणि प्रत्येकीवर कोणता ड्रायव्हर चालू आहे?
आ) 'मोकयूटिल'ला विचारा : सिक्युअर बूट चालू आहे का, किल्ली नोंदली आहे का?
इ) डीकेएमएसची स्थिती पाहा : सध्याच्या कर्नलसाठी मॉड्यूल तयार आहे का?
ई) नूव्हो आणि बंद ड्रायव्हर यांपैकी एकच शिल्लक आहे ना?
उ) 'प्राइम-सिलेक्ट' असेल, तर कोणती चिप निवडली आहे?
ऊ) पडदाच काळा झाला, तर कर्नलच्या आरंभीच्या ओळीत 'नोमोडसेट' हा शब्द तात्पुरता लिहून आत शिरा, आणि मग वरील क्रम धरा.

२६/
आणि आधी कर्नलची नोंदवही वाचा. इंटरनेटवरील उपाय म्हणजे बखरी : रंजक, पुष्कळदा उपयुक्त, पण घटनेनंतर कोणीतरी आपल्या समजुतीने लिहिलेल्या. नोंदवही हा समकालीन अस्सल कागद. माझ्या नोंदवहीत किल्ली नाकारल्याची एक सरळ ओळ आठ दिवस पडून होती. मी मात्र २०१३ चे बंबलबीचे उपाय २०१९ नंतरच्या यंत्रावर लावत बसले. साधनाचा काळ न पाहता ते वापरले, तर काय होते, हे मला वर्गात चार वर्षे शिकवले गेले आहे!

२७/
किल्ली नोंदवली, संगणक पुन्हा सुरू केला. रिकाम्या वर्गात भिंतीवर नकाशा उमटला. पाच मिनिटांचे काम होते.
एक विनंती. तुम्हाला असा एखादा उपाय सापडला आणि तो इतरांसाठी लिहून ठेवलात, तर त्यावर तारीख, कर्नलची आवृत्ती, ड्रायव्हरची आवृत्ती आणि चिपची पिढी अवश्य नोंदवा. मिती नसलेल्या पत्राने इतिहासकाराचे किती हाल होतात, ते आम्हाला विचारा. लिनक्सच्या वापरकर्त्यांचे त्याहून निराळे होत नाहीत.
थ्रेड समाप्त. शंका, दुरुस्त्या आणि मतभेद यांचे स्वागत.